बाळ आजारी पडण्यापूर्वी

सन १९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराच्या पश्चिमेकडील एका दरिद्री वस्तीत एक तरुण डॉक्टरीण दारोदार फिरत होती. त्या वस्तीला लोकांनी दिलेले नाव हेल्स किचन, म्हणजे शब्दशः नरकाचे स्वयंपाकघर. एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या उंच चाळी, काळोखे जिने, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे आणि त्यावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दमट, जीव नकोसा करणारा उकाडा. जिने चढून उतरून पाय भरून येत, म्हणून ती कित्येकदा एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीच्या गच्चीवर जाई आणि तेथून वरच्या मजल्यापासून खाली उतरत येई. शहराच्या आरोग्य खात्याने तिच्यावर सोपवलेले काम सांगायला सोपे होते: आजारी तान्ही मुले शोधून काढायची आणि त्यांना वाचवायचे.

मुले सापडत. शोधावी लागत नसत, इतकी सापडत. उन्हाळी हगवणीने शोषलेली, डोळे खोल गेलेली ती अर्भके तिच्या देखत मरत. भर उन्हाळ्यात सबंध शहरात आठवड्याला सुमारे १५०० तान्ही मुले दगावत, असे तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तिला सर्वांत असह्य झाले ते आयांचे मौन. त्या निष्ठुर नव्हत्या. उन्हाळा आला की घरातले एखादे लेकरू जायचेच, हे त्यांनी पावसापाण्यासारखे धरून ठेवले होते. डॉक्टरीण पोहोचेपर्यंत वेळ टळून गेलेली असे, आणि पिशवीतल्या औषधांचा उपयोग होत नसे. वाचवता आली असती ती मुले कोणती, तर कालपर्यंत हसतखेळत होती ती. पण त्यांच्या दारी जाण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते, कारण ती आजारी नव्हती.

या डॉक्टरणीचे नाव सारा जोसेफीन बेकर. (जोसेफीन बेकर या नावाची एक विख्यात नर्तिकाही होऊन गेली, तिचा या चरित्राशी संबंध नाही.)

जोसेफीनचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ रोजी हडसन नदीकाठच्या पकिप्सी या गावी झाला. वडील नामांकित वकील आणि क्वेकर कुटुंबातले. आई व्हासार महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. घर सुखवस्तू होते. लहानपणीची एक आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. नवा कोरा झालरीचा झगा घालून ती दाराबाहेर बसली असता फाटक्या कपड्यांतली एक काळी मुलगी समोर येऊन तिच्याकडे पाहत राहिली. जोसेफीनला ती नजर सोसेना. तिने अंगावरचे सारे कपडे, अगदी आतले आणि पायातलेसुद्धा, काढून त्या मुलीला दिले आणि तशीच घरात गेली. आईवडिलांनी तिला शिक्षा केली नाही.

सोळाव्या वर्षी हे सुख संपले. धाकटा भाऊ वारला, आणि पाठोपाठ वडील विषमज्वराने गेले. घराची जबाबदारी तिच्यावर आली. व्हासारला जाण्याचा बेत सोडून तिने डॉक्टर होण्याचे ठरवले. त्या काळी हा निर्णय नातेवाइकांना वेडेपणाचा वाटला यात नवल नाही. घरी रसायनशास्त्र व जीवशास्त्र शिकून तिने न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय एलिझाबेथ आणि एमिली ब्लॅकवेल या भगिनींनी स्थापले होते. आपल्याकडील आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्याच चळवळीचे हे दुसरे रोपटे. पुढे १८९९ साली कॉर्नेल विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाची दारे स्त्रियांना उघडल्यावर ते बंद झाले. आणि त्याच वर्षी कॉर्नेलमधून बाहेर पडलेल्या स्त्रियांत वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर होत्या, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

त्या महाविद्यालयात जोसेफीन एकाच विषयात नापास झाली. विषय होता निरोगी बालक. शिकवत होत्या डॉ. ॲनी स्टर्जिस डॅनियल. निरोगी मुलात शिकण्यासारखे काय असणार, असे बहुधा तिला वाटले असावे. नापास झाल्याच्या चिडीने तिने तो विषय पुन्हा इतक्या बारकाईने अभ्यासला की तोच तिच्या जन्माचा विषय झाला. १८९८ साली ती पदवीधर झाली. बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात तिने उमेदवारी केली आणि एका मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कला दवाखाना थाटला. पहिल्या वर्षाची कमाई १८५ डॉलर्स. एवढ्यावर भागेना, म्हणून १९०१ साली तिने आरोग्य खात्याची परीक्षा दिली आणि महिना ३० डॉलर्सवर शाळा तपासनीस झाली. तेथून हेल्स किचन.

मधल्या काळातल्या एका घटनेमुळे बेकरबाईंचे नाव इतिहासात वेगळ्याच कारणाने येते. स्वतः निरोगी असून विषमज्वराचे जंतू पसरवणाऱ्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला १९०७ साली ताब्यात घेतले ते यांनीच. मेरी लपून बसली, सापडल्यावर झुंजली, आणि रुग्णवाहिकेत तिला आवरण्यासाठी बेकरबाई वाटभर तिच्या अंगावर बसून होत्या. घटना चटकदार आहे म्हणून ती सगळेच सांगतात. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मेरीला आपण रोग पसरवतो हे अखेरपर्यंत पटले नाही. पोलीस आणून माणसाला धरता येते, पण पटवता येत नाही. आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर न्यूयॉर्कच्या लाखभर आयांना पटवायचे होते.

१९०८ सालच्या उन्हाळ्यात ती संधी आली. शाळा बंद असल्याने शाळांतल्या परिचारिका रिकाम्या होत्या. त्यांपैकी तीस जणी बेकरबाईंना मिळाल्या, आणि शहराच्या पूर्व भागातला अत्यंत दाटीचा एक विभाग प्रयोगासाठी नेमून देण्यात आला. तेथे इटलीतून आणि पूर्व युरोपातून नुकतीच आलेली कुटुंबे राहत. पद्धत अशी: जन्मनोंदणी कचेरीतून त्या विभागातील प्रत्येक नवजात बाळाचे नाव व पत्ता दुसऱ्याच दिवशी मिळवायचा आणि परिचारिकेने लगेच त्या घरी जायचे. बाळ ठणठणीत असले तरी जायचे. आईला बाळ अंगावर पाजायला सांगायचे, कारण बाजारातले दूध उन्हाळ्यात विषासमान होते. खिडकी उघडी ठेवा, बाळाला रोज अंघोळ घाला, उकाड्यात लोकरीत गुंडाळू नका, उद्यानात मोकळ्या हवेत न्या. बस, एवढेच. यात एकही औषध नाही.

उन्हाळा संपल्यावर हिशेब झाला. मागच्या उन्हाळ्याच्या मानाने त्या एका विभागात १२०० मृत्यू कमी झाले होते. शहराच्या इतर भागांत पूर्वीसारखीच मुले मेली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात बालआरोग्याचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. सरकारी खर्चाने चालणारा, केवळ मुलांसाठीचा असा विभाग जगात हा पहिलाच मानला जातो. प्रमुखपदी बेकरबाई. हाताखाली दिलेल्या सहा पुरुष डॉक्टरांनी स्त्रीच्या हुकमतीत काम करणे नको म्हणून राजीनामे पुढे केले. बाईंनी त्यांना महिनाभर काम करून पाहण्याची विनंती केली. महिन्यानंतर सहाही जण राहिले. त्या स्वतः ताठ गळपट्टी आणि पुरुषी टाय घालत, ते आवडीपेक्षा धोरण म्हणून. आपण स्त्री आहोत हे सहकाऱ्यांनी शक्य तितके विसरावे, एवढाच हेतू. खात्याच्या पत्रावरही नाव छापलेले असे डॉ. एस. जे. बेकर, वाचणाऱ्याने हवा तो समज करून घ्यावा.

आता प्रश्न होता तो तीस परिचारिकांनी एका विभागात केलेले काम सबंध महानगरात कसे पोहोचवायचे हा. येथून पुढे बेकरबाईंचे जीवन म्हणजे एका निरोपाची कहाणी आहे. निरोप तोच, साधा. पण तो कोणाच्या तोंडून जावा, कोणत्या भाषेत जावा आणि ऐकणाऱ्याला तो आपला कधी वाटतो, याचा शोध त्या पंधरा वर्षे घेत राहिल्या.

खात्याची पत्रके इंग्रजीखेरीज इटालियन, यिद्दिश वगैरे भाषांत निघत. पण पत्रक घरात गेले म्हणजे निरोप गेला असे होत नाही. भाषांतराच्या मेजावर ज्यांनी वर्षे घालवली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको: शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्याच्या मनात दार उघडत नाही, कारण बोलणारा परका असतो. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या बाईला गणवेशातली परिचारिका ही सरकारचे माणूस वाटे. शिवाय बाळ आईजवळ असे तरी कुठे? आई कारखान्यात जाई, आणि बाळ कडेवर असे ते दहा-बारा वर्षांच्या ताईच्या. बेकरबाईंच्या लक्षात आले की आपण आजवर चुकीच्या व्यक्तीला शिकवत आहोत.

त्यातून छोट्या मातांचे संघ निघाले. शाळाशाळांतून बारा वर्षांच्या आसपासच्या मुलींचे गट केले गेले. डॉक्टर व परिचारिका त्यांना बाळाला अंघोळ कशी घालावी, दुपटे कसे बदलावे, दूध कसे ताजे ठेवावे, बाळ रडले की लगेच काही खायला का कोंबू नये, हे प्रत्यक्ष करून दाखवत. उपस्थिती नीट असेल तर मुलीला बिल्ला मिळे, आणि त्या बिल्ल्याचा मान फार मोठा होता. संघांची संख्या बघता बघता शेकड्यांवर आणि मुलींची हजारोंवर गेली. मुली स्वतःच छोटी नाटुकली रचून करून दाखवत. शाळेत शिकलेल्या इंग्रजीतला धडा घरी जाऊन आईच्या बोलीत सांगणारी ही पोर म्हणजे त्या घरातली एकमेव दुभाषी होती. परिचारिकेला दाराशी थांबवणारी आजी नातीचे ऐकून घेई. निदान तिच्यावर ओरडताना तरी ऐकत असे. चाळीच्या पायऱ्यांवर बसून एक मुलगी दुसरीच्या आईला तिचे बाळ काकडीचे तुकडे चोखते म्हणून सुनावते, असे दृश्य मी डोळ्यांपुढे आणू शकतो. कोवळ्या वयात मुलींवर आईपणाचे ओझे टाकले, असा आक्षेप यावर घेता येईल. ओझे तर आधीपासूनच त्यांच्या कडेवर होते. बेकरबाईंनी ते काढले नाही, ते त्यांच्याने निघालेही नसते. कसे वाहावे तेवढे शिकवले.

इतर गोष्टी मी थोडक्यात सांगतो. १९११ पासून शहराने दुधाची केंद्रे उघडली. तेथे निर्धोक दूध मिळे, पण त्यासोबत बाळाचे वजन करून आईला सल्लाही दिला जाई. दूध हे आईला तेथवर आणण्याचे निमित्त, खरी शिदोरी सल्ल्याची. बाळाचे कपडे डोक्यावरून ओढून घालण्याऐवजी पुढून उघडणारे करावेत, ही साधी सुधारणा बाईंनी सुचवली. त्या कपड्यांचे कागदी नमुने एका कंपनीने बाजारात आणले, आणि एका मोठ्या विमा कंपनीने आपल्या विमेदारांना वाटण्यासाठी दोन लाख प्रती मागवल्या. प्रचार करायला पैसे लागतात, आणि ज्याला मुले जगण्यात फायदा आहे त्याच्याकडून ते घ्यावेत, हा व्यवहार त्यांना कळत होता. नवजात बाळांच्या डोळ्यांत घालायच्या सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांचे तसेच. बाटलीतले औषध उघडे राहून तीव्र वा दूषित होई, म्हणून त्यांनी एकेका डोळ्यापुरते औषध मधमाश्यांच्या मेणाच्या इवल्या कुप्यांत भरून सुइणींना दिले. मग चूक व्हायला जागाच उरली नाही.

सुइणींविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. त्या काळचे बहुतेक डॉक्टर सुईण हा प्रकारच बंद करा असे म्हणत. तिच्या अज्ञानाने बाळंतिणी मरतात, असा आरोप होता. बेकरबाईंनी आकडे तपासले, तेव्हा परवाना घेतलेल्या सुइणींच्या हातची बाळंतपणे घरोघर जाणाऱ्या सामान्य डॉक्टरांपेक्षा वाईट नव्हती. स्थलांतरित स्त्रीला परक्या पुरुषापेक्षा आपल्या भाषेची, आपल्या गावची सुईणच हवी असते, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून बंदीऐवजी परवाने आले, तपासणी आली, आणि १९११ साली बेलव्ह्यू रुग्णालयात सुइणींसाठी नगरपालिकेची शाळा निघाली. फारो राजाच्या दरबारात शिप्रा आणि पुवा या सुइणींना बोलावणे आले, त्याला कित्येक सहस्रके लोटली. त्या दोघींचा धंदा पुढेही प्रत्येक राज्यसत्तेच्या संशयाखालीच राहिला आहे; शाळा फार थोड्यांनी काढून दिली.

विरोध सर्व बाजूंनी झाला. त्यातला एक प्रसंग खरा नसता तर कोणी रचलाही नसता. ब्रुकलिनमधील तीसहून अधिक डॉक्टरांनी महापौरांकडे अर्ज केला की हा बालआरोग्य विभाग बंद करावा, कारण तो मुले निरोगी ठेवत असल्याने आमचा धंदा बसत आहे. महापौरांनी तो अर्ज बेकरबाईंकडे पाठवला. बाईंनी कळवले की आमच्या कामाचे याहून चांगले प्रशस्तिपत्र आजवर मिळालेले नाही.

१९१४ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बालसप्ताह पाळण्यात आला, आणि मार्च १९१६ मध्ये सबंध अमेरिकेत. राष्ट्रीय सप्ताहामागे १९१२ साली स्थापन झालेली सरकारी बालक कचेरी आणि महिला मंडळांचा संघ होता. दुकानांच्या काचांआड बाळांचे कपडे, चित्रपटगृहांत चित्रफिती, रस्त्यांवर मिरवणुका, वृत्तपत्रांत रोज मजकूर. रविवार बालरविवार म्हणून पाळावा, त्या दिवशी उपदेशपीठावरून याच विषयावर बोलले जावे, अशीही योजना होती. सप्ताहाला काळी बाजू नव्हती असे नाही. बाळांच्या स्पर्धा भरत, जत्रेतल्या गुराढोरांप्रमाणे त्यांना वजन-मापे करून बक्षिसे मिळत, आणि श्रेष्ठ वंशाची भाषा करणाऱ्यांनी तेथे आपले दुकान मांडले. गर्दी जमवणाऱ्या साधनाला गर्दीचे दोषही चिकटतात. पण जन्मनोंदणी म्हणजे काय, आणि ती का करावी, हे पुष्कळ घरांना कळले ते त्या आठवड्यांत. नोंदणी नाही तर पत्ता नाही, आणि पत्ता नाही तर परिचारिका येणार कुठे?

पहिले महायुद्ध आले तेव्हा बाईंनी युद्धाच्याच भाषेचा उपयोग केला. एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीशी बोलताना त्यांनी असे मांडले की फ्रान्सच्या खंदकात सैनिक होण्यापेक्षा अमेरिकेत बाळ म्हणून जन्माला येणे अधिक धोक्याचे आहे. सैनिक मरतात शेकडा चार, बाळे शेकडा बारा. आकड्यांच्या अशा तुलनेत काटेकोरपणा किती, यावर पंडितांनी वाद घालावा. देशाने मात्र दचकून ऐकले. अर्धपोटी शाळकरी मुलांना दुपारचे जेवण देण्यासाठी पैसा उभा राहिला तो त्या दचकण्यातूनच. ज्या मुलांकडे दया म्हणून कोणी पाहिले नव्हते, त्यांच्याकडे भावी सैनिक म्हणून पाहिले गेले. हे बाईंना बोचत होतेच. पण मिळालेले दूध त्यांनी परत पाठवले नाही.

याच सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना बालआरोग्यावर व्याख्याने देण्यास बोलावले. त्यांनी अट घातली, की मला तेथे विद्यार्थिनी म्हणून प्रवेश द्या. विद्यापीठ स्त्रियांना ती पदवी देत नसे. तेव्हा बाईंनी व्याख्याने देण्यास नकार दिला. शिकवायला योग्य माणूस मिळेना, शेवटी विद्यापीठ नमले, आणि १९१७ साली सार्वजनिक आरोग्यातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पहिल्या व्याख्यानाला विद्यार्थ्यांनी टवाळीने टाळ्या पिटल्या होत्या. पुढे पंधरा वर्षे त्यांनी तेथे शिकवले.

उन्हाळी हगवण हटत गेली तसे एक कटू सत्य उघडे पडले. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत जाणारी मुले तशीच जात होती. त्यांना ना दूध केंद्र वाचवू शकत होते ना छोटी माता. त्यांचे मरण गर्भातच, आईच्या आजारपणात, उपासमारीत आणि अतिश्रमात ठरलेले असे. बाळ आजारी पडण्यापूर्वी दारी जायचे, हे १९०८ चे सूत्र होते. आता त्याहून मागे, जन्मापूर्वीच जाणे आले. गरोदर स्त्रियांच्या घरी परिचारिका जाऊ लागल्या. पण गरोदर बाईची नोंद कुठल्या कचेरीत असणार? मानवी संकोचाच्या भिंतीपुढे येथे सर्वच प्रचार थबकतो. या एका कामात आपल्याला हवे तेवढे यश मिळाले नाही, ही जाणीव त्यांच्या मागे राहिली.

१९२१ साली शेपर्ड-टाउनर कायदा झाला आणि माता-बालकांच्या आरोग्यशिक्षणासाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. स्त्रियांना मताधिकार मिळून जेमतेम वर्ष झाले होते, हा योगायोग नव्हे. त्या मताधिकारासाठी बेकरबाईही झगडल्या होत्या. १९२९ मध्ये वैद्यकीय व्यावसायिकांच्या विरोधामुळे तो निधी आटला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात तो पुन्हा आला.

बाई १९२३ साली निवृत्त झाल्या. तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या शहरांत अर्भकमृत्यूचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये सर्वांत कमी होते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर त्यांनी काम केले, वैद्यकीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या अध्यक्षा झाल्या, आणि १९३९ साली आत्मचरित्र लिहिले. अखेरची वर्षे न्यू जर्सीतील शेतघरात कादंबरीकार वायली आणि संशोधक डॉ. लुईझ पिअर्स या मैत्रिणींच्या सहवासात गेली. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

पहिल्या संघातल्या बारा वर्षांच्या मुली त्या वर्षी पंचेचाळिशी ओलांडून गेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींची मुले तेव्हा युद्धावर होती.